नमुन्याचा ताव

शेवटच्या कपाटात, वाळवीने आतून खाल्लेल्या पंचांगांखाली
एक ताव सापडला. चार घड्यांचा,
घडीवर विरलेला, बाकी शाबूत.
वर कमानीत:
‘नाबर छापखाना, वेंगुर्लें बंदर.
येथें नक्षीदार अक्षरें मिळतील.’
अनुस्वार इतके टपोरे,
सुरंगीच्या कळ्या कोणी मोजून ठेवाव्यात तसे.

कडेने वेल. शिशाची, मुंबईहून पेटीतून आलेली:
द्राक्ष, पान, द्राक्ष, पान,
आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात एकदम
काजू.
बोंडासकट, बी खाली लोंबती.
वेल तिथे वळते आणि पुढे जाते,
द्राक्ष, पान,
काही झालंच नाही अशी.

ताव उलटला तर मागे हिशेब, बोरूने.
‘सगुण चितारी, मुक्काम सावंतवाडी.
कोपऱ्याचा ठसा एक, मूळचा हरवल्यावरून.
अक्षरें सत्तेचाळीस, शिवणीच्या लाकडांत, दर दोन आणे.
पैकीं क सुलटा कोरला गेला, दाम नाहीं.
ङ, काम बारीक, चार आणे.’
खाली निशाणी डाव्या आंगठ्याची.

म्हणजे त्याला वाचता येत नव्हतं.
लाकडाची केळी, सीताफळं, तांबडी मिरची करणारा माणूस;
केळ्याला उलट-सुलट नसतं.
इथे त्याला सांगितलं, सगळं आरशातल्यासारखं काढ.
त्याने काढलं. ‘श’च्या गाठीत शंख,
‘ठ’च्या पोटात फणसाचे गरे,
‘ळ’ची दोन्ही पोटं पिकल्यासारखी भरलेली.
फक्त एका ‘क’ला तो विसरला,
किंवा कंटाळला,
आणि ‘क’ त्याच्या हातात बरोबर होता
म्हणून कागदावर चुकला.

पुढच्या बाजूला शब्द आहेत, उतरत्या आकारात.
सगळ्यात मोठा: लिलांव.
मग आगबोट.
मग दशावतारी खेळ, मग शुद्ध खोबरेल,
मग हरवली आहे, तांबडी गाय,
आणि तळाशी, ओठ हलवत वाचावं एवढं बारीक:
चूक भूल द्यावी घ्यावी.
कोणी कविता म्हणून लावले नव्हते.
‘आगबोटी’च्या ‘आ’ला शाई नीट बसलेली नाही.
खाऱ्या हवेने लाकूड फुगलं असणार;
काळ्यात पांढरे तंतू उमटलेत,
झाड अजून तिथेच उभं असल्यासारखे.

ङ मात्र या शब्दांत कुठेच नाही.
तो एकटा, चौकटीत,
पोपटाच्या डोळ्यासारखं टिंब, भोवती सात पाकळ्या,
काजळासारखी काळी शाई.
बंदरावर ङ कोणाला लागणार?
नाबरांना संच पुरा हवा होता, एवढंच.
पुढे छापखाना विकला, खिळे वितळले,
लाकडी अक्षरं म्हणे कोणी चुलीत घातली.
ङ जळाला तर कोराच जळाला असेल,
एका ठशाचा धनी.

मला नोंद करायची आहे. वहीला रकाने आहेत.
ग्रंथनाम: नाही. लेखक:
इथे मी नाबर लिहिलं, खोडलं, सगुण लिहिलं.
पृष्ठं: एक, पाठपोट.
विषय.
खिडकीबाहेर कोणी बांगड्यांचा भाव सांगत गेलं.
मी लिहिलं, वाङ्मय.
ङ काढायची सवय नाही,
टिंब जरा लांब पडलं,
पुढच्या रकान्याच्या रेघेवर.
राहू दे.