शाई सुटेपर्यंत

डकोटाच्या माळावर एकच खोली.
सकाळी दौतीतली शाई गोठलेली,
म्हणून आधी गणित, पाटीवर.

लोखंडी शेगडीवर बटाटे, ज्याचा त्याचा,
सालीवर चाकूनं कोरलेलं अक्षर.
माझा नेहमी एका बाजूनं जळतो.

गव्हाची मळणी उरकली की ओस्मुंड येतो,
सतरा वर्षांचा, पहिलीच्या बाकावर,
गुडघे हनुवटीपाशी.
मिस थर्झा वर्षानंच मोठी;
त्याला ‘अहो’ म्हणता म्हणता थांबते.

त्याच्या बटाट्यावर नुसती फुली.

शाई सुटली, तिनं टाक दिला.
तो वाकला.
छोटा नील्ससुद्धा हसला नाही.
बाहेर कुणाचा तरी घोडा फुरफुरत होता.

दुसऱ्या दिवशी शेगडीवर
फुलीच्या जागी एक गोल,
जरा चेपलेला,
बटाट्यासारखाच.