उपयोगिता प्रमाणपत्र

प्रमाणित करण्यात येते की
मंजूर अनुदान रुपये पस्तीस हजार
ज्या कारणासाठी मिळालं, त्याच कारणासाठी खर्च झालं.
खाली सही माझी. सचिव म्हणून.
शिक्का घरी राहिला होता, दुसऱ्या दिवशी मारला.

अर्ज केला होता आषाढात.
पैसे आले सव्वीस मार्चला, दुपारी,
आणि एकतीसच्या आत संपवायचे होते.
पाच दिवसांत
अख्खी तांबट आळी.

हॉल मिळाला शाळेचा, भद्रकालीच्या मागे.
बाकं सहावीच्या मुलांची, सगळ्यांचे गुडघे हनुवटीशी.
फ्लेक्सवाल्याने 'मानव्यविद्या'चं 'मानवविधा' केलं,
बदलायला वेळ नव्हता. फोटोत तेच आहे.
त्यावर कार्यालयाने काही विचारलेलं नाही.

विचारलं ते हे:
श्रोते अकरा, चहा चाळीस कप, कसे?
निकुंभ साहेब, लिहून घ्या,
त्र्यंबकतात्या पोटे बोलायला उभे राहिले
ते अडीच तास बसले नाहीत.
चहा होत गेला.
अकरांतला एक शाळेचा शिपाई होता.
एक बाई सत्यनारायण समजून आल्या होत्या,
प्रसाद नाही कळल्यावरही शेवटपर्यंत थांबल्या.
त्यांनाही धरलंय मी.

तात्यांना ऐकू येत नाही.
आळीत पन्नाशीनंतर कुणालाच नीट येत नाही.
ठोके घालून घालून कानसुद्धा मठारले गेले, असं तेच म्हणतात
आणि हसतात, फार मोठ्याने,
कारण हसू केवढं झालं ते त्यांना कळत नाही.
मी प्रश्न फळ्यावर लिहायचे.
ते वाचायचे आणि भलत्याचंच उत्तर द्यायचे,
आणि विचारायला हवं होतं ते तेच असायचं.
ऐरण. खरवई. मठार. पोचा.
चौसष्ट शब्द उतरवले मी त्या सकाळी,
हात दुखेपर्यंत.

सातपूरच्या कारखान्यात मशीनवर असलेला एक पोरगा
मधेच उठला, चहाच्या पिंपावर टिचकी मारून म्हणाला,
आणि हे?
तात्यांनी पिंपावर तळहात ठेवला. बराच वेळ.
"ह्याला कुणी हाताने मारलेलं नाही," म्हणाले,
"बिचारं."
ह्या एका शब्दाचं फलनिष्पत्तीत काय करायचं?
रकाना बोटभर,
आणि अंकात लिहा म्हणतो.

अखर्चित शिल्लक चारशे बारा रुपये,
चलनाने परत भरले, पावती सोबत.
चौसष्ट शब्दांना लेखाशीर्ष नाही.
ते वहीत आहेत, वही माझ्याकडे.

फाईल द्यायला गेले तेव्हा अहिरराव मॅडमनी
पानं मोजली, गंजकी टाचणी काढून दुसरी लावली,
आणि खालच्या आवाजात म्हणाल्या,
आमच्या आईकडे घंगाळ होतं.
काठ बाहेर वळवलेला असतो ना,
त्या वळणाला काय म्हणतात हो?
मी वही काढली. मागून पाहिली, पुढून पाहिली.
हे मी विचारलंच नव्हतं.
"मग पुढच्या वर्षी अर्ज करा," त्या म्हणाल्या.
हसल्या नाहीत.

संध्याकाळी गेले तात्यांकडे, बिनमंजुरीची.
प्रमाणपत्राची एक जादा प्रत पर्समध्ये होती,
तिच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत प्रश्न लिहिला.
त्यांनी चष्मा पुसून वाचला,
मग कागद उलटून पुढची बाजूही वाचली,
पस्तीस हजारांशी आले आणि भुवई वर गेली.
माळ्यावरून घंगाळ उतरवलं,
माझी बोटं त्याच्या काठावर ठेवली, दाबून,
आणि पलीकडून एकच ठोका दिला.

कोपरापर्यंत आलं काहीतरी.

"आलं?" त्यांनी विचारलं.
"नाव मग सांगतो."