बदलीवर

लिगोरिया बाई बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून मी.
सकाळची सातची फेरीबोट, मग दिवाडीच्या धक्क्यावरून
स्कूटर चिखल चुकवत पिएदादपर्यंत.

नववी ब.
फळ्यावर लिहिलं: एक्सवर्ग अधिक पाच एक्स, कंसात,
त्या अख्ख्या कंसाचा वर्ग,
अधिक दहा वेळा तोच कंस,
अधिक चोवीस.
कुणीतरी हळूच म्हणालं, सायबा!

शेर्विन तर एक्सपाशीच अडला.
त्याच्या आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकात एक्स म्हणजे श.
शीत, शेत, शाणो.
माझ्या शाळेत तोच क्ष होता, क्षत्रियाचा,
हातात तलवार घेऊन तक्त्याच्या शेवटच्या ओळीत.
एकच अक्षर, ज्या दारात जाईल
तिथलं नाव सांगणारं.

म्हटलं, पुन्हा पुन्हा येतोय ना हा कंस?
त्याला एम मानू.
भाताच्या टोपावर ताटली ठेवतो, तसा झाकू.
आत काय शिजतंय ते मागाहून.
उरलं काय? एमवर्ग, दहा एम, चोवीस.
"सहा आणि चार!"
मागच्या बाकावरून, नावातच क्ष असलेली दीक्षिता,
जूनपासून पहिल्यांदा.

बरोबर.
पेनांची टोपणं लागू लागली.

थांबा. एम परत द्यायचा राहिला.
तो आपला नव्हे, कामापुरता मागून आणलेला.
ताटली उचलली.
एका कंसातून निघाले दोन आणि तीन,
दुसऱ्यातून एक आणि चार,
आणि फळ्यावर आपोआप रांगेत लागले,
एक्स अधिक एक, अधिक दोन, अधिक तीन, अधिक चार,
फेरीचा दांडा वर होण्याची वाट बघणाऱ्या स्कूटरींसारखे.

शेर्विन बघतच राहिला.
"बाई, हे पयलींच भितर आशिल्ले?"
आशिल्ले रे.

सहामाहीला अकरा जणांनी
उत्तरात एम तसाच ठेवला.
प्रत्येकी अर्धा गुण कापला, लाल शाईने लिहिलं:
मूळ पद परत ठेवा.
अकरा वेळा लिहिलं.

आज लिगोरिया बाई आल्या.
बाळाचे फोटो दाखवले, हजेरीपट मागितला.
माझ्या सहीखालच्या चौकटीत त्यांची सही,
वळणदार, मोठी, जागेवरची.
मुलं उभी राहून गुड मॉर्निंग म्हणाली,
आम्हा दोघींना मिळून एकच.

परतीच्या फेरीत पाणी गढूळ, संथ.
तिकिटाचे सुटे शोधताना
पर्समध्ये बोटांना पांढरं लागलं.
अर्धा खडू. शाळेचा.
परत द्यायचा राहिला.