खण

गाडी लाल होती म्हणे. आता विटेच्या रंगाची.
दोन दारं, दोन सीटा, आणि पोट इतकं खाली
की सात रस्त्याचा गतिरोधक
माझ्याशी जुनं वैर असल्यासारखा वागतो.

हिरेमठ डॉक्टरांची ही. ते गेल्यावर
सहा वर्षं शेडमध्ये, खोळीखाली.
किल्ली देताना गिरिजाबाईंनी
शेजारच्या सीटवर खण-नारळ ठेवला.
रिकामी कशी पाठवू, म्हणाल्या.
नारळ मी डॅशबोर्डच्या खणात टाकला, झाकण लावलं.
पहिल्याच दणक्याला ते उघडलं
आणि नारळ विजापूर वेशीपर्यंत
पायाशी गडगडत राहिला.

तेव्हापासून झाकणाला रबरबँड.
दारातल्या कप्प्याचं इलास्टिक
जुन्या मोज्यासारखं घोट्यावर आलेलं,
मधल्या पेटीचं झाकण एका कानावर लटकलेलं.
पुण्याला फोन केला. दुकानदार हसला:
"ताई, तेवढ्यात दुसरी गाडी येईल."

मग बालय्या गुर्रम.
अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, बंद मागांच्या शेडमध्ये.
चाळीस वर्षं जॉबर. धागा तुटला
की आवाजावरून माग सांगायचा.
इंजिन विचारलं नाही, गाडीभोवती फिरला नाही.
झाकण दोनदा उघडलं, दोनदा मिटलं, कान लावून.
"आकडा झिजलाय. दात गेले, हिरडी हाय की."

आकडा त्यानं पितळेतून घासला.
तीन दिवस कानस,
मध्येच शेंगाचटणी, कडक भाकरी,
मध्येच तेलुगूत शिव्या,
मला कळत नाहीत असं धरून.
मी साखर पेठेत वाढले. सगळ्या कळल्या.
एक तर नवीन होती.

बिजागरीला धोट्यातली पिन,
जिच्यावर कांडी बसायची.
कप्प्याला माग हाणायचा चामडी पट्टा, दोन बोटं रुंद.
"तेही हालायचं, हेही हालतं. फरक काय?"
माग जागच्या जागी हालायचा, मी म्हटलं.
"तुमची गाडी तरी कुठं जाते?"

आतलं कापड सडलेलं. खरवडताना
एक चिठ्ठी निघाली, औषधाच्या कागदाची.
अक्षर डॉक्टरी. मला लागेना, बालय्याला लागेना.
नवी पेठेत तोळणुरे केमिस्टला दाखवली.
त्यानं चष्मा वर केला, सवयीनं वाचलं:
झाकणाची कडी, दिवाळीनंतर.
कुठली दिवाळी, ते लिहिलेलं नव्हतं.

"अस्तर काय लावू? मखमल? रेक्झिन?"
मी पर्समधून तो खण काढला.
हिरवा, तांबड्या काठाचा, घडी न मोडलेला.
बालय्या थबकला. "हे अंगावर घालायचं असतं."
असे अकरा आहेत माझ्या कपाटात, म्हटलं,
कुणी दिला की घ्यायचा,
डांबरगोळी ठेवून विसरायचा.
पुढं तो बोलला नाही.
हात पायजम्याला पुसले. फेव्हिकॉल पातळ केला.
काठ आत दुमडायला निघालो होतो मी,
त्यानं माझी बोटं बाजूला सारली.
काठ बाहेर ठेवला, दिसेल असा.
मागावरच्या माणसानं काठ लपवावा म्हणजे काय!

आता झाकण लागतं.
टक् नाही होत; ठक्, जरा जाडसर.
मी सात रस्त्यावरून मुद्दाम दोनदा गेले.
खण गप्प. आरसा तेवढा निखळून मांडीत पडला.

रविवारी गिरिजाबाईंना होटगी रोडपर्यंत नेलं.
त्यांनी झाकण उघडलं, मिटलं, उघडलं,
काठावरून अंगठा फिरवला,
खणाबद्दल चकार शब्द नाही.
उसाचे ट्रॅक्टर किती वाढलेत, एवढंच बोलल्या.

रात्री बघते तर आत चष्म्याचं घर.
फोन केला: तुमचा चष्मा राहिलाय.
"राहू दे तिथंच," म्हणाल्या.
"माझा नव्हे तो."