पन्न्या

रविवारी सहाला नाईक तलावाच्या वळणावर
आम्ही सात जण जमतो.
ऊर्वी दुरुगकर हातमोजे वाटते,
सगळे एकाच मापाचे, तिच्या मापाचे.
माझी बोटं निम्मीच आत जातात :
गणेशपेठच्या डेपोत बावीस वर्षं
पाने फिरवून जाड झालेली.

पोरं बाटल्या उचलतात, थर्माकोलच्या प्लेटा,
कुणाचा एका पायाचा सँडल.
संत्र्याच्या साली राहू देतात,
त्या मातीच्या आहेत म्हणतात.
मी फक्त पन्न्या उचलतो.
खर्र्याच्या.
वीतभर, पिळलेल्या, आत चुन्याची पांढरी रेघ,
तोंडाशी गुंडाळलेला बारका रबर.

"काका, दुसरं काही दिसतच नाही का तुम्हाला?"
दिसते ना बाई.
पण मी हिशेबाला बसलोय.

दिवसाला पाच.
वर्षाच्या अठराशे पंचवीस.
बावीस वर्षांच्या चाळीस हजार दीडशे.
सुट्ट्या वजा केल्या नाहीत,
सुट्टीच्या दिवशी सात व्हायच्या.
आता रविवारी दोनशेक सापडतात,
चांगला दिवस असला तर.
(चांगला म्हणजे काय, ते मला विचारू नका.)
दोनशे रविवार.
चार वर्षांत नुसत्या माझ्याच उचलून होतील.
समाजसेवा त्याच्यानंतर.

मेडिकलमधली डॉक्टरीण म्हणाली होती,
बोटं घाला तोंडात, उभी, तीन.
दीड गेलं.
तिनं कागदावर आकडा लिहिला, मान वर केली नाही.
त्या दिवसापासून तर्री बंद.
पोहे दुधात कालवून खातो,
नातीच्या वाटीत, नातीच्या चमच्यानं.
ती म्हणते, आबा, आ कर,
आणि स्वतःचाच आ मोठ्ठा करून दाखवते.

म्हणून मी कुणावर ओरडत नाही.
गाडीवरून जाताना पोट्टा पन्नी भिरकावतो,
पन्नी माझ्या चपलेशी येऊन पडते,
तेव्हा ओरडण्याएवढं तोंडच उघडत नाही.
वाकतो. कंबर कटकन वाजते. उचलतो.

पराते एकदा ठेल्यातून उतरून आला.
"काहून जी भाऊ, माह्याच ठेल्यासमोर
वाकून राह्यले तुमी? गिऱ्हाईक पाह्यते ना!"
त्याच्या हाताला तोच वास होता,
ओल्या सुपारीचा, सकाळचा.
मी म्हटलं, पराते,
घोटल्या तू, फेकल्या मी.
तुझं काही काढत नाही, माझंच काढतोय.
तो बराच वेळ उभा राहिला.
मग आत जाऊन फळीवर पन्नी अंथरली.

तान्ह्या पोळ्याला मारबत निघाली.
सगळा मोहल्ला घसा फोडून ओरडत होता,
खोकला घेऊन जाय गे मारबत,
महागाई घेऊन जाय, मच्छर घेऊन जाय.
मीही ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं.
ती सगळं घेऊन गेली, जळून आली,
आणि तिच्या वाटेवर, दुसऱ्या दिवशी,
मी एका सकाळीच
तीनशे चाळीस मोजल्या.

आता पराते ठेल्याखाली तेलाचा रिकामा पिपा ठेवतो.
मी सांगितलं नव्हतं.
पहिल्या रविवारी त्यात पावसाचं पाणी होतं.
दुसऱ्या रविवारी, एक मांजर.
काल तीन पन्न्या होत्या.
त्या मी मोजल्या नाहीत,
म्हणजे हिशेबात धरल्या नाहीत.
त्या कुणाच्या तरी स्वतःच्या होत्या.

परतताना पोतं हलकं असतं.
एवढ्या पन्न्यांना वजन म्हणून नसतंच.
ऊर्वी काट्याला लावते, नऊशे ग्रॅम, वहीत लिहिते.
मी हातमोजे काढतो, नळाखाली हात धरतो,
आणि पाणी पडत असताना
डाव्या तळव्यावर उजवा अंगठा
आपोआप
घोटत राहतो.