आधीच उभी असलेली माणसं

घनश्याम निनावे सुरुवात कधी करायचा नाही.
सातव्या इनिंगपर्यंत तो रेशीमबागच्या कडुनिंबाखाली
शेंगा सोलत बसलेला,
दाणे एका खिशात, टरफलं दुसऱ्या,
आणि समोर आमचा पहिला पिचर
एप्रिलच्या डांबरासारखा मऊ होत चाललेला.
क्रिकेटवाली पोट्टी कडेला थांबून विचारायची,
भाऊ, ह्याले स्टंप कुठी हायेत?

मग पाटणे सर मागे न बघता एक हात वर करायचे.
तेवढंच.

मी कॅचर. एकोणीस वर्षं
त्याच्यासमोर उकिडवा बसलो.
लोकांनी त्याची पाठ पाहिली, मी चेहरा.
माझं डावं बोट अजून पावसाळ्यात सुजतं
ते त्याच्या खाली बुडणाऱ्या चेंडूनं.

तो यायचा तेव्हा मैदान रिकामं नसायचं.
पहिल्या बेसवर एक, तिसऱ्यावर एक,
दुसऱ्याच कुणी उभी करून ठेवलेली माणसं.
ती घरी पोचली तर धावा त्याच्या नावावर लागत नसत.
नियमच तसा, हिशेब आधीच्याचा.
तरी तो त्यांच्याकडे असा बघायचा
जणू त्यानंच त्यांना जेवायला बोलावलंय
आणि डब्यात तांदूळ नाहीत.

अजनीची नोकरीही तसलीच.
रिलीव्हिंग पॉइंट्समन.
कुणाच्या साळीचं लग्न, कुणाची मूळव्याध,
निनावे, कळमेश्वरला जा. निनावे, नरखेड.
दुसऱ्याच्या खुर्चीत, दुसऱ्याच्या टॉवेलवर,
दुसऱ्याच्या झेंडीनं
रात्रीच्या मालगाड्या सोडायच्या
आणि सकाळी खुर्ची होती तशी ठेवून यायचं.

आकडे माझ्या वहीत आहेत.
सामने दोनशे अकरा.
विजय नऊ.
पराभव तेवीस, कारण शेवटी चेंडू ज्याच्या हातात, खापर त्याच्या डोक्यावर.
आयती मिळालेली माणसं तीनशे सहा,
त्यातली घरी पोचली एकसष्ट.
वाचवलेले सामने चौऱ्याहत्तर.
हा रकाना छापील फॉर्मात नव्हता,
मी पट्टी लावून आखला.
सुरुवात: एक.

ती शेवटच्या सामन्यातली.
पाटणे सर म्हणाले, जाता जाता मान द्यावा,
आज पहिला चेंडू निनावेचा.
हार घातला. फोटो काढला.
तो वर जाऊन उभा राहिला
आणि पहिल्या बेसकडे बघितलं. कुणी नाही.
तिसऱ्याकडे. कुणी नाही.
मी दोनदा खूण केली, त्याला दिसली नसावी.
चार बॉल बाहेर. फुकटचा बेस.
परत चार.
परत.
पाटणे सर उठून उभे राहिले,
कडुनिंबाखाली एक सावनेरचं पोरगं बूट बांधू लागलं.

तेव्हा, तिन्ही बेस भरल्यावर,
घनश्यामनं ग्लोव्हआड तोंड पुसलं.
मला माहीत आहे, तो हसत होता.
पुढचे दोघे तीन-तीन चेंडूंत गेले,
माझा तळहात पेटला.
तिसऱ्यानं मात्र डावीकडे लांब मारला
आणि दोन माणसं घरी पोचली.

ती त्याची स्वतःची होती.
संध्याकाळी पहिल्यांदाच त्यानं वही मागितली,
त्या ओळीवर बोट ठेवलं,
आणि म्हणाला, बरोबर लिवलं बे.

परवा मेडिकलमध्ये दिसला,
हाडांच्या ओपीडीच्या रांगेत, खांद्याला पट्टी नाही, काही नाही.
मी विचारलं, कोपर?
नाही म्हणाला.
एक बाई पाणी प्यायला गेली आहे, भंडाऱ्याची,
तिचा नंबर धरून उभा हाव.
रांग सरकली. तो एक पाऊल सरकला.
बाई अजून आली नव्हती.