हातचा

नारिनला मार्चमध्येही नदी दगडासारखी पडून असते.
चिनारा बिश्केकहून आली तेव्हा
तिच्या बगलेत गुंडाळलेला एक कागद होता
माझ्याहून उंच.
भिंतीवर लावला. नऊ चौकटी.

मी इथला हिशेबनीस. चौकटी मला नव्या नाहीत.
सामूहिक शेतीच्या कचेरीत बारा वर्षं
त्याच भरल्या : मेंढ्या इतक्या, लोकर इतकी,
आणि पाच वर्षं सरली की नवा कागद.
त्यातली एकही मोकळी सोडायची सोय नव्हती.
मेंढी मेली तरी आकडा जगायचा.

म्हणून सवयीनं उठलो,
'ग्राहक' लिहिलं होतं त्याच्या खाली
पिवळी चिठ्ठी डकवली : पर्यटक.
चिनारानं ती अलगद काढली.
"पर्यटक म्हणजे कोण? नाव सांगा."
चौदा बायका, मी, आणि धुमसणारी शेगडी.
नाव कुणालाच सांगता येईना.
अठरा वर्षं आमचे नमद्याचे शिरदाक
दलालाच्या गाडीत चढत होते
आणि घाटापलीकडे गेले की
आमच्यापुरते मरत होते.
"मग राहू दे रिकामी," ती म्हणाली.
आणि खरंच राहू दिली.
रात्रभर त्या रिकाम्या चौकटीनं
मला झोपू दिलं नाही.

पहाटे पावत्यांची पेटी उपसली.
तळाशी एक परतीची पावती होती,
ब्रेमेनच्या कुणा टीडेमानबाईंची. मागे शाईनं लिहिलेलं :
'फार सुंदर आहे. पण माझी खोली याच्याहून लहान आहे.'
सात वर्षं हे वाक्य माझ्याकडे होतं
आणि मी ते 'तोटा' या सदरात मांडलं होतं.

पुढं दुसरा कागद आला, उभा, चार रकान्यांचा :
आम्हाला वाटतं. करून पाहू. मोजू. मग ठरवू.
त्यातली एक अट मात्र जिव्हारी लागली.
किती खपले नाहीत तर नाद सोडायचा
तो आकडा कात्री हातात घेण्याआधी लिहायचा.
हरण्याची तारीख आपल्याच अक्षरात.
खुर्चीवरच्या बैठका : तीस केल्या, सव्वीस गेल्या.
सपाता : वीसच्या खाली तर बंद. खपल्या सहा.
नक्षी बुरुलची होती. ती चहा ओतत राहिली,
पेला भरून वाहिला तरी.

झूराकान आजी या सगळ्यात गप्प.
एके दिवशी तिनं लाल नमद्यावर काळा नमदा ठेवला,
खडूनं मेंढ्याचं शिंग काढलं
आणि दोन्ही एकदमच कापले.
लालातलं शिंग काळ्याच्या खाचेत बसलं,
काळ्यातलं लालाच्या.
जमिनीवर चिंधीही पडली नाही.
"पोरी, तुझ्या कागदात उरलेलं कुठं जातं?"
चिनाराला उत्तर देता आलं नाही.
तिनं तो प्रश्नच चिठ्ठीवर लिहिला
आणि नवव्या चौकटीच्या बाहेर, भिंतीवर चिकटवला.

ऑक्टोबरात पगार पहिल्यांदाच पहिल्या तारखेला झाले.
मोठे शिरदाक बंद करायचं ठरलं; आकडे तेच सांगत होते,
मीच ते मांडले होते.
पण रविवारी गोदामात दिवा दिसतो.
सहा हात लांब, अजून निम्माही नाही,
आजी गुडघ्यावर बसून टाचते आहे.
कुणासाठी, विचारलं तर म्हणते,
"तुझ्या त्या बाईला कधी मोठं घर मिळालं तर?"

तो गालिचा मी कुठल्या सदरात मांडावा?
आठ नि सात पंधरा. पाच खाली लिहितो,
हातचा एक.
तो रकान्याच्या डोक्यावर, पेन्सिलीनं, बारीक.
हल्ली रविवारी लोकर मोजायला म्हणून जातो
आणि दोरा ओवून देतो;
तिला आता सुईचं नेढं दिसत नाही.